डोळा तयार झाला

नवरा रिटायर झाल्यावर तैलरंग शिकायला जाऊ लागला, तेव्हा हेडनर्स बाईंना आधी हायसंच वाटलं होतं. पण शिकवणाऱ्या सरांनी त्याला सांगितलं, "एक डोळा मिटा, दुसरा बारीक करा. तपशील गळतात, खरा रंग उरतो." तेव्हापासून तो सगळ्या जगाकडे तसाच बघू लागला.

"अहो, वरण गार होतंय."

"थांब. वाटीची सावली जांभळी आहे, तुझ्या लक्षात आलंय का?"

बाईंच्या एवढंच लक्षात आलं होतं, की बेसिनमध्ये टर्पेंटाइनचा वास आणि टॉवेलवर निळे डाग आहेत.

शनिवारी समोरचा विमा एजंट तणतणत दारात आला.

"वहिनी, तुमचे मिस्टर जिन्यात माझ्या बायकोला डोळा मारतात. लागोपाठ तीन दिवस."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मात्र शांतपणे बाहेर आला. "त्यांच्या गालावर खिडकीचा हिरवा उजेड पडतो, तो बघत होतो," असं म्हणत त्याने एजंटवरच डोळा बारीक केला. "तुमच्या बुबुळांभोवतीचं पांढरं मात्र पांढरं नाही हो. पिवळा मिसळल्याशिवाय हा रंग यायचा नाही."

"आता मलाही?" म्हणत एजंट पाय आपटत गेला. तरी आरशात बघितलंच त्याने. सोमवारी तपासणीत कावीळ निघाली.

झालं. बिल्डिंगभर बोभाटा झाला आणि बुधवारपासून दिवाणखान्यात रांग लागली. कुणी जीभ दाखवी, कुणी नखं. नवरा डोळा मिटून रंग सांगे आणि वर म्हणे, "पुढचं डॉक्टरांना विचारा." सगळ्यांना चहा बाई देत होत्या. बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, एजंटला रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाईंना कुणी काही विचारत नव्हतं.

चौथ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन त्यांनी रिकामे कप उचलले, ते परत टेबलावर ठेवले आणि सरळ रांगेतल्या खुर्चीत बसल्या.

"बघा."

नवऱ्याने डोळा बारीक केला. बराच वेळ बघितलं.

"डोळ्यांखाली निळा आहे. कडेला राखाडी."

"कशामुळे?"

त्याने कपांकडे बघितलं, रांगेकडे बघितलं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेला.

त्याचा डोळा खरंच तयार झालाय, हे बाईंना मान्य करावं लागलं.