बेचाळीस सेकंद

जयराम गावस यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नातली पंगत लाल आणि हिरव्या बावट्यांवर चालवली. मांडवाच्या तोंडाशी ते स्वतः उभे होते. हिरवा बावटा हलला की वाढपी आत, लाल हलला की जेवून उठलेले बाहेर. नवऱ्याची आई देवदर्शनाला घाईत निघाली होती, तिला त्यांनी लाल बावटा दाखवून जागच्या जागी थांबवलं, कारण समोरून भाताचं पातेलं येत होतं. विहीणबाई भडकल्या. जयरामबाब शांतपणे म्हणाले, "भरलेली गाडी आधी, रिकामी मागसून."

उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. दोडामार्गाकडून तरुणपणी गोव्यातल्या सुर्लाला आले ते खाणीवर बावटेवाले म्हणून. खनिजाचे ट्रक नदीवरच्या धक्क्याकडे जायचे तो रस्ता आणि गावाचा रस्ता एकमेकांना छेदतात, तिथे त्यांचं ठाणं. डोळे मिटूनही येणारा ट्रक भरलेला की रिकामा हे आवाजावरून सांगायचे. त्यांचा एकच धर्म होता: "गाडी फुकट उभी ऱ्हवाक नये." सवलत फक्त राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला. नाक्यावर झाडाखाली राखणदाराचा दगड आहे, तिथे ड्रायव्हर क्षणभर थांबून हात जोडायचे. तेवढं थांबणं जयरामबाबना मान्य होतं.

खाणी बंद पडल्या, त्यांची नोकरी गेली, पुढे खाणी थोड्याफार सुरू झाल्या, रस्ता चौपदरी झाला. आणि मग आम्ही आलो. आम्ही म्हणजे शहाणे सिग्नल बसवणारे. मी त्या कामावरचा इंजिनियर, पणजीला एका थंड खोलीत पडद्यांसमोर बसणारा. खांबावरचा कॅमेरा गाड्या मोजतो, त्यांची जात ओळखतो, कुठल्या बाजूला किती वेळ हिरवा द्यायचा ते यंत्र स्वतःच ठरवतं. मी हे सगळं नाक्यावर जमलेल्या लोकांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. जयरामबाब पुढे आले. त्यांनी दिवसभर खांबाशेजारी बसून काजूच्या बियांनी ट्रक मोजले आणि संध्याकाळी माझ्या यंत्राचा आकडा विचारला. दोन्ही आकडे जुळले. "शाना असा," ते म्हणाले. मला कुठल्याही प्रमाणपत्राने झाला नसेल इतका आनंद झाला.

पण आठवड्याभरात त्यांचा अर्ज आला. पायी रस्ता ओलांडणाऱ्याने खांबावरचं बटण दाबलं की गाड्या वीस सेकंद थांबायच्या. अर्जात लिहिलं होतं, वीसचे अठ्ठावन्न करावेत.

मला हसू आलं. रस्त्याची रुंदी आणि माणसाच्या चालण्याचा वेग यांचं गणित मांडून आम्ही वीस काढले होते. मी फोन केला.

"जयरामबाब, अठ्ठावन्न सेकंदांत माणूस चहा पिऊन येईल. गाडी फुकट उभी राहायला नको म्हणणारे तुम्हीच ना?"

"फुकट नाय म्हणानच सांगतंय," ते म्हणाले. "तुमचा मशीन शाना असा, सायबानू, पण त्येका माणूस दिसत नाय. सांजच्या पाचांक बघा."

मी पाहिलं, ते त्यांना खोटं पाडायलाच. पाच वाजता पडद्यावर गाड्या थांबल्या. एक बाई रस्त्यावर उतरली. डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत. वर्षापूर्वी जयरामबाबच्या पत्नीला, शेवंतीकाकींना, अर्धांगाचा झटका आला होता, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि काकींनी ठरवलं होतं, चालायचंच तर राखणदाराला आबोलीचं फूल ठेवायला चालेन. राखणदार रस्त्याच्या पलीकडे. जयरामबाब त्यांच्या एक पाऊल मागे होते. हात धरलेला नव्हता. लाल बावटा मात्र गाड्यांकडे उंच धरलेला, सिग्नल लाल असूनसुद्धा. वीस सेकंद संपले तेव्हा ती दोघं रस्त्याच्या मध्यावरही पोचली नव्हती. गाड्या पुढे सरकू लागल्या. जयरामबाब बावटा घेऊन आडवे उभे राहिले आणि काकी चालत राहिल्या.

पडद्यावर यंत्राने प्रत्येक गाडीभोवती हिरवी चौकट काढली होती. त्या दोघांभोवती काहीच नव्हतं. मला माझ्या शहाण्या यंत्राची आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली. मी त्याच दिवशी अठ्ठावन्न केले.

पुढच्या महिन्यात जयरामबाबचा फोन. "सायबानू, आता एक्कावन पुरे. सात सेकंद गाडी फुकट उभी असा." खाणीवरचं जुनं घड्याळ घेऊन ते रोज काकींची वेळ लावत होते. मी एक्कावन्न केले. मग सेहेचाळीस. मग बेचाळीस. दर वेळी त्यांचा आवाज असा की जणू ट्रकांची लांबच लांब रांग त्यांनी एकट्याने मोकळी केली आहे. बेचाळीसच्या वेळी मागून काकींचं पोह्यांचं आमंत्रणही ऐकू आलं, "त्यांका सांगा, दिवाळेक फोव खावंक या!" आमच्या ऑफिसात चाळीसच्या आत कधी येणार यावर चर्चा व्हायची. मी तर वाट पाहत होतो त्या फोनची.

दिवाळीला मला जायला जमलं नाही. नंतर बरेच दिवस फोन नाही. मग एका सकाळी आला.

"सायबानू, वीस करा."

"वीस?" मी खुर्चीतून उठलोच. "बेचाळीसवरून एकदम वीस? अहो, काकी धावायला लागल्या की काय!" आणि मी मोठ्याने हसलो. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.



"ती गेली, सायबानू. परत झटको इलो. आज बारावो दिवस. बावीस सेकंद गाडयेक आता कित्याक थांबवचा?"

बाराव्या दिवशी, घरात माणसं जमलेली असताना, हा माणूस नाक्यावरच्या गाड्यांचा विचार करत होता. करतो म्हणालो आणि फोन ठेवला. पण बदल करायच्या जागी बोट गेलं आणि तिथेच राहिलं. मी बेचाळीस तसेच ठेवले. कामात चुकारपणा केला म्हणा हवं तर.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाजात जुनी जरब होती. "अजून वीस करूक नाय तुम्ही. मी घड्याळ लावन बघलंय. गाडी फुकट उभी असा."

"फुकट नाय ती, जयरामबाब," मी म्हणालो.

मागे ट्रक गेल्याचा आवाज आला. भरलेला की रिकामा, मला कळलं नाही. "बरा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी पाच वाजता मी पडदा उघडला. जयरामबाबनी बटण दाबलं. गाड्या थांबल्या. ते रस्त्यावर उतरले, एका हातात आबोलीचं फूल, दुसऱ्या हातात उंच धरलेला लाल बावटा. तुरुतुरु चालणारा माणूस, दहा-बारा सेकंदांत पलीकडे गेला असता. पण ते एक पाऊल टाकत होते आणि थांबत होते, एक टाकत होते आणि थांबत होते, समोर एका माणसाची जागा सोडून. मी घड्याळ लावलं. राखणदाराशी पोचायला त्यांना बेचाळीस सेकंद लागले.