सतरा नंबरची काच

सकाळी चहा गाळताना सासूबाईंना भिंतीवरची काच फुटलेली दिसली आणि त्यांनी ते सरळ जावयाला सांगितलं, हीच त्यांची चूक झाली. जावयाने आधी काचेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

जावई देखरेख खात्यात होता. शहराखालून अतिवेगवान रेल्वेचा बोगदा खणला जात होता. खर्च ठरल्याच्या तिप्पट झाल्यावर सरकारला जाग आली आणि हे खातं उघडलं गेलं. जावयाचं काम सोपं होतं. बोगद्यावरच्या घरांत भिंतीला तडा असेल तिथे काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची, तिच्यावर नंबर आणि तारीख घालायची आणि दर सोमवारी बघायची. काच फुटली म्हणजे भिंत हलली, आणि भिंत हलली की काम बंद. पण काम बंद पडलं की वरून खात्यालाच जाब विचारला जाई, म्हणून खातं भिंतीआधी काचेचीच चौकशी करी. गल्लीत सगळे त्याला काचवाला म्हणत. सतरा नंबरची काच त्याच्याच स्वयंपाकघरात होती, आणि घर सासूबाईंचं होतं.

"आई, तुम्ही कपाटाचं दार आपटलंत."

"चाळीस वर्षं आपटतेय. तेव्हा नाही फुटली ती?"

"तेव्हा काच नव्हती," तो म्हणाला.

देखरेख करणाऱ्याच्याच घरात काच फुटली, असं कागदावर गेलं तर साहेब काय करतील, या विचाराने त्याची पाचावर धारण बसली. त्याने पिशवीतून नवी पट्टी काढून चिकटवली, तिच्यावर जुनी तारीख घातली आणि कामावर गेला. दुपारपर्यंत त्याचा जीव भांड्यात पडला होता.

पुढच्या सोमवारी ती पट्टीही फुटली. मग घरात मिक्सर बंद झाला. कपाटाच्या दारांना कापडाच्या घड्या लागल्या, आणि शिंक आली तर अंगणात जायचं असा नियम झाला. तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघराचं दार लागेना, तेव्हा ते फुगलंय म्हणत त्याने रंधा मारला. हवा अशी कोरडी होती की लोकांचे ओठ फुटत होते. सासूबाईंनी त्याच्याशी बोलणं सोडलं. काय सांगायचं ते त्या लेकीमार्फत सांगत, तेही हळू आवाजात. सातव्या आठवड्यात त्याने सातवी पट्टी लावली.

डावीकडच्या शिंप्याची आणि उजवीकडच्या निवृत्त मास्तरांची काच फुटली, ती मात्र त्याने इमानेइतबारे नोंदवली. माणूस वाईट नव्हता. नोंद गेल्यावर साहेब स्वतः आले. त्यांनी दोन्हीकडच्या फुटक्या काचा पाहिल्या, मधली सतरा नंबरची धड काच पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही बाजू हलतात आणि मधलं घर हलत नाही, हे कसं शक्य आहे? तेव्हा फुटल्या त्या काचा लोकांच्या धसमुसळेपणाने. काम थांबवायचं कारण नाही. तरी शेजारी घाबरलेत, तर खणायचं यंत्र खालून पुढे जाईपर्यंत दोन्ही कुटुंबांनी या भक्कम घरात राहावं, असा त्यांनी जागीच हुकूम काढला.

तासाभरात नऊ माणसं गाद्या घेऊन आली. शिंप्याच्या बायकोने तान्ह्या मुलीला नेमकं त्या भिंतीखाली निजवलं, कारण तिथे वारा लागत नव्हता. ते पाहून काचवाल्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

"सात काचा? कुठे आहेत?"

"टाकून दिल्या, साहेब."

"मग भिंतीवर जी आहे ती खरी."

आता एकच उपाय उरला होता, ती धड काचच फोडून टाकायची. त्याने पिशवीतून हातोडी काढली, सगळ्यांसमोर भिंतीपाशी गेला आणि हात उचलला. हात वरच होता, तेवढ्यात काच आपणहून तडकली आणि खाली पडली.

"यांनी हात लावला नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितलंय."

"घरच्यांची साक्ष धरत नाहीत," साहेब म्हणाले.

काचवाला हातोडी तशीच धरून वळला आणि सगळ्यांना बाहेर व्हा म्हणून ओरडला. भिंतीवर कुणाचा विश्वास नव्हता की अविश्वास, पण हातोडी घेतलेल्या माणसाला सगळेच भ्याले. शिंप्याच्या बायकोने मुलीला उचललं, मास्तर चपला सोडून पळाले, आणि दोन मिनिटांत घरातली सगळी माणसं रस्त्यावर होती. पायाखालची जमीन बारीक थरथरत होती, पण धावपळीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेब तेवढे आत राहिले. ते स्वयंपाकघरात बसून पंचनामा लिहीत होते.

"साहेब, बाहेर या," काचवाला दारातून म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"घर सुरक्षित आहे, तसंच लिहितोय," आतून उत्तर आलं. "तुमची सही लागेल. आत या."

त्याने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. सासूबाईंनी मागून त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि सोडला नाही.