खुर्ची, टेप आणि ती

सुटीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरील एका बैठकीच्या खोलीत, भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी आपल्या एकुलत्या एक कन्येचे छायाचित्र काढण्याचे कार्य आरंभले. कन्या त्याच दुपारच्या विमानाने दूरदेशी नोकरीवर निघायची होती. खिडकीजवळच्या ज्या वेताच्या खुर्चीत तिची दिवंगत आई भिंतीवरील तसबिरीत बसली होती, त्याच खुर्चीत, तशाच बैठकीत, त्याच जुन्या लेन्सने लेकीचा फोटो काढायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आईच्या त्या फोटोत खुर्चीच्या वेताची वीण न् वीण स्पष्ट होती. चेहरा मात्र धुक्यातून पाहिल्यासारखा. "तू हललीस," असे त्यांचे म्हणणे. "मी हलले नाही," असे तिचे. हा वाद संसारभर चालला आणि एक पक्ष निघून गेल्यामुळे प्रलंबित राहिला. आताही पाहुणे आले की ते तसबिरीकडे बोट दाखवून म्हणत, "हलली होती ती." मग क्षणभर थांबत. पण उलट उत्तर देणारे कोणीच नसे.

मुलीने भेट दिलेला कॅमेरा डिजिटल, अगदी नवशिक्यांसाठीचा होता. त्याची हलकी लेन्स त्यांनी काढून ठेवली होती. "काय स्पष्ट दिसावं हे जी स्वतःच ठरवते, ती लेन्स नव्हे, वरिष्ठ अधिकारी!" तिच्या जागी अडॅप्टर घालून त्यांनी हाताने फिरवायची ती जुनी, जड लेन्स बसवली. कॅमेऱ्याने पडद्यावर कळवले, 'लेन्स जोडलेली नाही.'

"पाव किलोचं धूड नाकावर बसलंय, आणि हा म्हणतो जोडलेली नाही!"

"बाबा, भांडू नका त्याच्याशी. द्या इकडे." मुलीने सेटिंग बदलले.

तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. या लहान कॅमेऱ्यावर जुनी लेन्स फारच जवळचे दाखवी. चौकटीत मुलीचे नाक आणि हनुवटी एवढेच मावले. ते मागे सरकले. भिंत लागली म्हणून दारात गेले, दारातून जिन्याच्या चौकात, आणि अखेर समोरच्या काकूंच्या उघड्या स्वयंपाकघरात.

"भाऊ, आणखी मागे सरकलात तर सिंकमध्ये बसाल," काकू म्हणाल्या.

"वहिनी, फक्त एक मिनिट."

नजरेने फोकस जुळवावा, तर कॅमेऱ्याची खिडकी काडेपेटीएवढी. म्हणून त्यांनी नोकरीतली पोलादी टेप काढली. तिचा आकडा खुर्चीला अडकवला, टेप चौकातून ताणत काकूंच्या ओट्यापर्यंत आणली आणि लेन्सच्या कड्यावरील अंतराच्या आकड्यांत तेवढेच अंतर लावले, म्हणजे नेमके तेवढ्यावरचे स्पष्ट यावे. नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी जिना उतरत होते.

"सामायिक जागेत मोजणी? कोणाच्या परवानगीने? भिंत सरकवायचा विचार दिसतोय!"

"फोटो काढतोय."

"टेपने?"

"मग काय अंदाजाने काढू?"

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. मुलगी आतून ओरडली, "बाबा, काढा ना! काका, तुम्ही जरा खाली वाका!" सेक्रेटरी निमूटपणे वाकले आणि त्यांच्या डोक्यावरून फोटो निघाला.

सगळे पडद्यावर वाकले. वेताची वीण न् वीण स्पष्ट. मुलीचा चेहरा धुक्यात.

"हललीस तू!" ते सवयीने म्हणाले.

"श्वाससुद्धा घेतला नाही मी." मुलीने वळून खुर्चीकडे पाहिले. "टेप कुठे लावलीत?"

"खुर्चीच्या पाठीला. मोजायला स्थिर बिंदू लागतो."

"पण मी टेकून कुठे बसले होते? पुढच्या काठावर बसले होते. आईसारखी." तसबिरीतली आई खरोखरच खुर्चीच्या काठावर होती, आत चुलीवर दूध उतू जात असल्यासारखी. "तिचा काढतानाही पाठीपासूनच मोजलं होतंत?"

चौकात पडलेली टेप त्यांनी सावकाश गुंडाळली.

"चला, परत काढू. या वेळी माझ्या नाकाला लावा," मुलगी हळूच म्हणाली.

"नको. हाच राहू दे. तुझ्या आईच्या शेजारी लावतो."

"आणि पाहुणे आले की काय सांगाल?"

त्यांनी तसबिरीकडे पाहिले. सवयीप्रमाणे क्षणभर थांबले.

"हलली नव्हती ती."