भिंतीच्या आत कितीबी

फोन ठेवताना चंपतरावांचा चेहरा असा झाला की रंजीताला वाटलं, आदिलाबादच्या बाजारात कापसाचा भाव कोसळला. पण भाव कोसळला की चंपतराव आधी डोक्यावरच्या पंख्याला शिव्या द्यायचे. आज त्यांनी पंखा बंद केला, तिच्या टेबलापाशी आले आणि मयताला आल्यासारखं हळू म्हणाले, "रंजीता, हैदराबादवाले येऊन राह्यले."

"कोणते हैदराबादवाले, शेठजी?"

"ते कंपूटरवाले. ज्यायचा प्रोग्राम आपल्या मिलमंदी चालते, ते. उद्या तपासनी हाय म्हने. लायसन इकत किती घेतले आन् किती कंपूटरावर चालवून राह्यले, ते मोजतीन."

रंजीताने डोळे मिटून घेतले. हंगाम नुकताच सुरू झाला होता. जैनथ रस्त्यावरच्या या जिनिंग मिलमध्ये काट्याच्या पावत्या, बिलं, टॅक्स आणि शेठजींचा हरवलेला चष्मा, ही चारही खाती ती एकटी सांभाळायची. दिवाळीला तिला सुट्टी मिळाली होती, पण त्या सुट्टीत शेठजींचे इतके फोन आले की त्यापेक्षा मिलमध्ये बसणं बरं होतं.

"आपण किती घेतले होते?"

"दोन घेतले असन."

"असन?"

"तो इकनारा म्हने, शेठ, एकदा घ्या आन् मिलमंदी कितीबी चालवा. आता तूच सांग, आपल्या मालाबद्दल असं कोनी बोलते का? जलमभर कापूस घेऊन राह्यलो मी. जो मानूस 'कितीबी' म्हनते ना, त्याच्या गाडीत खाली ओला कापूस असते. मी म्हटलं, दोन तर नक्की देत असन. मंग आपले सात कधी झाले, मलेच समजलं नाही."

"मग त्यांनाच फोन करून विचारू ना, आम्ही नेमके किती घेतले. एवढंच विचारायचं."

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेला खुशाल एकदम उभा राहिला. खुशाल म्हणजे चंपतरावांचा साळा. त्याला काम नव्हतं, पण सल्ला होता, आणि सल्ला द्यायला तो रोज वेळेवर यायचा.

"काऊन इचारता भाऊजी? इचारलं का त्यायले समजते, ह्यायलेच माहीत नाही. त्यापेक्षा मी सांगतो ते आयका. सात हायेत ना? दोन ठेवा, पाच गायब करा. मोजू द्या मंग."

"आणि सापडलं तर?" रंजीता म्हणाली. "ते तिकडूनच प्रोग्राम बंद करू शकतात. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची लाईन आहे."

चंपतराव तिच्याकडे पाहून मायेने हसले. "बंद केला तर केला, पोरी. जुन्या मुनीमजीले बलावतो. हातानं पावत्या फाडू. तू घरी आराम कर."

त्या 'आराम'चा अर्थ रंजीताला बरोबर कळला. या मिलमध्ये बायका पुष्कळ होत्या. सगळ्या कापसाच्या ढिगावर बसून कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायच्या. टेबलामागच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई रंजीता. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, पाठ मोडली होती, पण ती तिची होती.  रंजीता पाच कॉम्प्युटरांच्या वायरी काढायला वाकली.

गुंडाळायला काही हवं होतं. खुशालने बहिणीच्या कपाटातून हाती लागल्या त्या साड्या आणल्या. चांगल्या कोऱ्या, एक तर जरीच्या काठाची. "धूळ नाही लागली पाह्यजे," तो म्हणाला. एक प्रिंटरही 'उगीच दिसाले नोको' म्हणून बरोबर दिला. हे सगळं जाणार होतं चंपतरावांच्या थोरल्या बहिणीकडे, प्रयागबाईकडे, जैनथ गावात.

ऑटोत चार कॉम्प्युटर मागे आणि पाचवा रंजीताच्या मांडीवर, जरीच्या साडीत. जैनथच्या चौकात एका म्हातारीने ऑटोत डोकावलं, चप्पल काढली आणि हात जोडले.

"इसर्जन तर झालं ना व माय? मंग ही कोनती देवी?"

रंजीता काही बोलायच्या आत म्हातारीने केसातलं झेंडूचं फूल काढून तिच्या मांडीवर ठेवलं. ते पाहून ऑटोवाल्याने तेलुगू गाणी बंद केली, चपला सीटखाली सरकवल्या आणि पुढचा रस्ता इतक्या हळू चालवला की दोन सायकली ऑटोच्या पुढे गेल्या. रंजीताने त्याला काही सांगितलं नाही. तेवढाच वेळ तिला डोळे मिटून बसता आलं.

प्रयागबाई दारातच बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की भाऊबीज होऊन गेली, आणि हंगामाचं कारण सांगून भाऊ आलाच नाही. मग साडीत गुंडाळलेल्या एकेक वस्तू ऑटोतून उतरू लागल्या. प्रयागबाई हळूहळू उभ्या राहिल्या.

"हे चंप्यानं पाठोलं?"

"हो आक्का. फक्त ठेवून घ्या. आणि कोणाला सांगू नका म्हणाले."

"कोनाले?"

"कोणालाच."

प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बायकोपासून लपवून पाठोलं व माह्या भावानं! मी त्याले कालपासून किती बोलली." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली. "रुपा! ओवाळणी आली! हळदी-कुंकू आन!"

रंजीताला थांबून समजावून सांगायला हवं होतं. पण फोन वाजत होता. मिलमध्ये आता दोनच कॉम्प्युटर उरले होते, काट्यावर ट्रॅक्टर तुंबले होते आणि शेठजींचा चष्मा सापडत नव्हता. "चालू मात्र करू नका हं आक्का," एवढं सांगून ती त्याच ऑटोत बसली. पण भावाने दिलेली साडी नेसू नका, असं कोणी सांगितलं तर ते कोणती बहीण ऐकेल?

गुरुवारी सकाळी तपासणीचे साहेब आले. राजकुमार त्यांचं नाव. रात्रभर बसमध्ये बसून ते हैदराबादहून आले होते आणि त्यांचा चेहरा रंजीतापेक्षाही थकलेला होता. ते पाहून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर ती दारातच थबकली. जिनिंगमध्ये कापसाचा भुरका उडतो आणि सगळ्यावर बसतो. सातही टेबलं पांढरी झाली होती. पाच टेबलांवर मात्र मधोमध एकेक स्वच्छ, काळाभोर चौकोन होता, आणि त्याच्याभोवती दसऱ्याच्या पूजेचा वाळका झेंडूचा हार.

खुशालच्याही ते लक्षात आलं होतं. त्याने एका चौकोनावर माठ ठेवला होता, दुसऱ्यावर दुसरा माठ, तिसऱ्यावर शेठजींच्या वडिलांचा फोटो, चौथ्यावर शेंगांची टोपली. पाचव्यावर ठेवायला काही मिळालं नाही म्हणून तो स्वतः बसला होता.

राजकुमार साहेबांनी सगळीकडे पाहिलं. "ये मटका?"

"पानी साब," चंपतराव म्हणाले.

"और ये?"

"वो भी पानी. हमारे इधर गरमी बहोत."

साहेबांनी अंगातलं स्वेटर आणखी घट्ट ओढून घेतलं आणि खुशालकडे बोट केलं. "और ये?"

"साळा हाय," चंपतराव म्हणाले. याहून जास्त त्यांनाही सांगता आलं नाही.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. रंजीता आपल्या खुर्चीवर बसली आणि समोरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. एक पावती नवीन होती. तिने ती फाडली नव्हती. नाव सखूबाई. कापूस, शंभर क्विंटल.

ती पाहत असतानाच खाली दुसरी पावती आली. जयवंताबाई, दीडशे क्विंटल.

चंपतराव मागून वाकून पाहत होते. त्यांचे डोळे चमकले. "अरे वा! कोन व ही जयवंताबाई? दीडशे! कुठी उतरवला कापूस?"

"शेठजी," रंजीता पुटपुटली, "बाहेरून तर एकही गाडी आत आलेली नाही."

"मंग आला कुठून?"

तेवढ्यात राजकुमार साहेब शांतपणे म्हणाले, "दो चालू हैं इधर. एक और चालू है, गाव में." ते थांबले. "अब दो." चहाचा एक घोट घेतला. "तीन हो गए."

त्यांनी पाचपर्यंत मोजलं.  खुशाल टेबलावरून हळूच खाली उतरला. त्याच्या पॅन्टवर मागच्या बाजूला पांढरी चौकट उठली होती.

"शेठ," साहेब म्हणाले, "क्यों भेजे बाहर?"

चंपतराव धाडकन बाकावर बसले. "दोनच घेतले होते साब. माफी देव."

साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दो का नहीं. आपका लैसन्स मिल का है. मिल की दीवार के अंदर जितने चाहे चलाओ. सात चलाओ, सत्तर चलाओ. दीवार के बाहर एक भी नक्को. बेचनेवाला बोला नहीं क्या आपको?"

बाहेर ट्रॅक्टरवाले एकमेकांना देत असलेल्या शिव्या ऑफिसात स्पष्ट ऐकू आल्या.

"बोलला होता," चंपतराव खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "पन मले वाटलं, इकनारा हाय, खोटं बोलत असन."

"कालपर्यंत सगळं बरोबर होतं," रंजीता म्हणाली. ती कोणालाच उद्देशून बोलली नाही. "काल आपण ते चुकीचं केलं."

"प्रोग्राम बंद करना पडता," साहेब म्हणाले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. "लेकिन बंद किया तो मेरे को रिपोर्ट लिखने को दो दिन इधरिच रहना पडता. घर पे बेटी का बर्थडे है." ते उठले. "मैं खाना खाके आता हूँ. आके गिनता. उस टाईम दीवार के अंदर जो दिखा, वोच लिखता."

रंजीता ऑटोची वाट पाहत थांबली नाही. रात्री कापूस उतरवून आता रिकामी ट्रॉली घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर ती चढली.

प्रयागबाईंच्या अंगणात अर्ध्या गावातल्या बायका लाईन लावून उभ्या होत्या. ओसरीवर पाच कॉम्प्युटर, प्रत्येकाला हळदी-कुंकू. मधे रुपा फोनचं नेट लावून बसलेली. चंपतरावांना पासवर्ड आठवायचा नाही म्हणून रंजीतानेच प्रोग्राम बिनपासवर्डचा केला होता. त्याचं फळ आता तिच्यासमोर भरभर छापून येत होतं.

"पुढची!" रुपा ओरडली. "नाव?"

"लिव, सखूबाई."

"तुमची तर झाली ना काकू!"

"आनखी एक काढ. ती देवळीत ठेवतो, ही पाकिटात." सखूबाईंनी पावती रंजीतासमोर धरली. "पाय व पोरी. जलमभर कापूस मी येचला. वजन करून पावती आली का नाव नवऱ्याचं. आज पयल्यांदा माह्यं नाव छापून आलं."

"पण शंभर क्विंटल, काकू?"

"मंग? नाव एवढं मोठं छापलं, त्याच्याखाली पाच काय लिवाचं?"

रंजीताला ओरडायचं होतं. तेवढी ताकदच उरली नव्हती. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि कालच सांगायला हवं होतं ते, आणि आज कळलं तेही सांगितलं. भिंतीचं, साहेबांचं, जुन्या मुनीमजींचं. आणि खुर्चीचं.

प्रयागबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं तोंड लाल झालं. "म्हंजे ओवाळणी नव्हती?"

"नव्हती, आक्का."

"चंप्याले मी पाहून घेतो. ह्या साड्या तर मी वापस देत नाही." त्या कॉम्प्युटरांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "भिंतीच्या आत कितीबी चालते म्हने?"

"कितीही."

"मंग चला व!"

कॉम्प्युटर आल्यासारखेच परत निघाले, पण या वेळी ट्रॉलीत, पाच बायकांच्या मांडीवर. उरलेल्या बायका त्यांच्याभोवती दाटीवाटीने बसल्या. चौकातल्या म्हातारीने पुन्हा हात जोडले आणि तीही ट्रॉलीत चढली. मिलच्या फाटकाशी ट्रॅक्टरांच्या लाईनीत आपापले नवरे बिड्या ओढत बसलेले बायकांना दिसले. नवऱ्यांनाही बायका दिसल्या. बिड्या विझल्या.

जेवून आलेल्या राजकुमार साहेबांनी मोजलं. सात. कॉम्प्युटरांभोवती उभ्या बायका त्यांनी मोजल्या नाहीत. "चलानेवाले?" खुशालने घाबरत विचारलं. "कितने भी," साहेब म्हणाले, सही केली आणि बसच्या दिशेने जवळजवळ पळत गेले.

प्रोग्राम वाचला, हंगाम वाचला. फक्त न आलेल्या कापसाच्या पावत्या रद्द करायच्या राहिल्या होत्या.

"रद्द काऊन?" सखूबाई म्हणाल्या. "माह्या कापसाचा ट्रॅक्टर तिसरा हाय लाईनीत. वजन बदलव. नाव राहू दे."

रंजीताने क्षणभर विचार केला. त्यात चूक काहीच नव्हती. तसं करून घ्यावं म्हणून ती आपल्या टेबलाकडे वळली, आणि थांबली. तिच्या खुर्चीवर प्रयागबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी रुपा. खुर्ची वाचली होती, यात शंका नव्हती.

"उभी काऊन, पोरी? बस ना कुठीबी," प्रयागबाई म्हणाल्या.

कुठीबी म्हणजे ऑफिसच्या दारालगतचा कापसाचा ढीगच होता. रंजीता त्याच्यावर बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ कशाला तरी टेकली. कापूस उबदार होता. पावतीतलं वजन कसं बदलायचं ते रुपाला सांगता सांगता तिचा शब्द अर्ध्यावर राहिला.

तेवढ्यात चंपतराव चष्मा शोधत आत आले. "रंजीता! अव रंजीता!"

"वरडू नोको चंप्या," खुर्चीवरून प्रयागबाई म्हणाल्या. "पोट्टी झोपली हाय. तुले काय पाह्यजे ते मले सांग. आन् पयले लाईनीतल्या त्या मानसायले सांगून ये, पावती बायकोच्या नावानं निघन. ज्याले जमत नसन, त्यानं मांगं जाऊन उभं राहाव."