काचेच्या तीन जाती आणि एक ओरखडा

माणसाची प्रतिष्ठा मनगटावर असते आणि मनगटाची प्रतिष्ठा घड्याळाच्या काचेत असते, हे आता सर्वमान्य झाले आहे. वेळ काय, ती मोबाइलमध्येही दिसते.

आमच्या दिपमालाचा साखरपुडा धुळ्याला ठरला. साखरपुड्यात सासऱ्याने जावयाच्या हातात घड्याळ बांधायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. यंदा सासरा मी.

मला माझे घड्याळ सत्तावीस वर्षांपूर्वी साक्रीत मिळाले. सासरे मोतीलालनानांनी ते स्वतः बांधले आणि तासाभरात काचेवर बारापासून चारपर्यंत ओरखडा उमटला. (पंगतीत वांग्याच्या भाजीची बादली चौथ्यांदा परत बोलावताना माझा हात तिच्या कडीला घासला. हा तपशील गौण आहे.) तेव्हापासून ‘नानांनी प्लास्टिकची काच दिली’ हे वाक्य मी वर्षाला सरासरी चौदा वेळा, दिवाळी आणि आखाजी धरून, चारचौघांत म्हणत आलो आहे. नाना दर वेळी माझे मनगट धरून ओरखडा निरखतात.

आता आपल्यालाही जावई असेच ऐकवणार, या भीतीने माझी झोप उडाली. जळगावच्या सरकारी कार्यालयात तीस वर्षे घासलेला वरिष्ठ लिपिक असल्याने मी रीतसर तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. निष्कर्ष पुढीलप्रमाणे:

प्लास्टिकची काच: सहसा फुटत नाही, पण कशानेही ओरखडते. सासऱ्याची लाज काढण्यास उत्तम.

मिनरल काच: सहज ओरखडत नाही, पडली तर फुटते. (माझे कार्यालयीन घड्याळ. दोनदा फुटले. दोन्ही वेळा मी टेबलावर हात आपटून शिस्तीचे महत्त्व सांगत होतो.)

सफायर काच: हिऱ्याखेरीज सहसा कशालाही दाद देत नाही. जावयासाठी हीच घेतली.

तरीही खात्री करणे हे शासकीय मनाचे लक्षण आहे. साखरपुड्याच्या आदल्या सकाळी मी नव्या घड्याळावर खिळा फिरवला.

लांबलचक ओरखडा पडला.

“जावयाच्या घड्याळावर खिळा?” एवढेच कोकिळा म्हणाली. बायको एवढेच म्हणते तेव्हा प्रकरण गंभीर असते.

मी रिक्षा करून स्टेशनजवळच्या तोतारामभाऊ घड्याळवाल्याकडे गेलो आणि दहा-बारा गिऱ्हाइकांदेखत त्यांना फसवेगिरीचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, नखाने काचेवरचा पातळ पापुद्रा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ओरखडा पापुद्र्यासोबत आला.

“भाऊ, हाई वरनं प्लास्टिक शे. काचले काहीच नही झायं.”

मी पापुद्रा पुन्हा चिकटवून देण्याची विनंती केली. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली.

“हाऊ वरखडा कितला वरीसना शे?”

“सत्तावीस.” मी अभिमानाने सांगितले.

“कसाले ठेवा? प्लास्टिकनी काच शे. टूथपेस्ट लाईसन घसा, पाच मिनिटमा निंघी जाई.”

पाच मिनिटे. मी हिशोब केला. सत्तावीस गुणिले चौदा, म्हणजे तीनशे अठ्ठ्याहत्तर टोमणे. मला लाज वाटली, खरी लाज, जी कोणत्याही नमुन्यात भरता येत नाही. घरी येऊन घासले. काच लख्ख झाली.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात जावयाला, योगेंद्रला, घड्याळ बांधले. नंतर पंगतीत नाना माझ्या शेजारी बसले. सवयीने त्यांनी माझे मनगट धरले, डोळ्यांजवळ नेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

“जवाईबापू,” ते घाबरून म्हणाले, “माले वरखडा दिखत नही. मोतीबिंदू परत वना का काय?”

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही. तेवढ्यात भाजीची बादली आली.

“दाखवून घ्या एकदा डॉक्टरांना,” मी म्हणालो.

आपण मला हसत असाल, तर अवश्य हसा. आपण कोणाचा ओरखडा किती वर्षे जपला आहे, हे मी विचारत नाही. टूथपेस्ट मात्र आपल्याही घरात असेलच.