आडवं पडून बघा

मुद्रितशोधकांची पाठ धरली ती छापखान्यात चपलेचा पट्टा लावताना. कागदांचा गठ्ठा उचलताना वगैरे धरली असती तर चार लोकांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी इकडेतिकडे दाबून पाहिलं आणि फर्मावलं, "गादी जमिनीवर टाका आणि उताणे पडून राहा. कुशीवर वळायचं नाही."

दुखणं आलं ते नेमकं घराचं रंगकाम काढलेलं असताना. आतल्या खोल्यांत कपाटं आणि पेट्या एकमेकांच्या उरावर बसलेल्या. बैठकीच्या खोलीच्या भिंती तेवढ्या रंगवून झाल्या होत्या, छत बाकी होतं. तेव्हा त्यांची गादी तिथेच, खोलीच्या मधोमध पडली.

"छताचं काय, एका दिवसाचं काम," रंगारी म्हणाला. "साहेबांवर प्लॅस्टिक टाकतो, शिंतोडासुद्धा उडणार नाही."

"पांढराच द्या हं," बायको म्हणाली. "छत पांढरंच असतं."

"पांढरा नको," गादीवरून आवाज आला.

सगळ्यांनी खाली पाहिलं. लग्न झाल्यापासून या घरात मुद्रितशोधकांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण कालचा अख्खा दिवस ते त्या छताकडे बघत होते. कोपऱ्यातली भेग त्यांना नको तिथे पडलेल्या स्वल्पविरामासारखी दिसत होती, आणि खूण करायला हातात पेन्सिल नव्हती.

"पांढरं छत म्हणजे कोरं पान," ते म्हणाले. "जन्मभर छापलेली पानं तपासली मी. दिवसभर कोऱ्या पानाखाली ठेवलंत तर भ्रमिष्ट होईन. पिस्ता द्या. डोळ्यांना थंड असतो."

"दवाखान्यात असतो पिस्ता!" बायको म्हणाली.

तिची आई दारात येऊन उभी राहिली. तिचा मुक्काम रंगकामावर देखरेख करण्यासाठी होता. "माझं ऐकाल तर आकाशी द्या, जावईबापू. वर बघितलं की कसं आभाळ दिसलं पाहिजे."

"अहो, पण छताकडे बघतं कोण?" रंगाऱ्याने हा प्रश्न अगदी निष्पापपणे विचारला.

"मी!" मुद्रितशोधक ओरडले. ओरडल्यामुळे पाठीतून कळ गेली, आणि त्या कळेमुळे त्यांच्या म्हणण्याला वजन आलं. शेवटी असं ठरलं, की रंगाऱ्याने छतावर तिन्ही रंगांचे पट्टे ओढायचे आणि मग निवड करायची.

पट्टे ओढले. बायको मान वर करकरून म्हणाली, "पांढराच छान." तिची आई म्हणाली, "आकाशी." रंगारी शिडीवरून म्हणाला, "मला जवळून तिन्ही सारखेच दिसतात."

"उभ्याने दिलेलं मत मी धरणार नाही," मुद्रितशोधक म्हणाले. "ज्याला छत वापरायचंय त्याच्या जागेवरून बघा. आडवं पडून बघा."

बायकोने कपाळाला हात लावला. पण वाद घालत बसण्यापेक्षा आडवं पडणं सोपं होतं. ती गादीशेजारी जमिनीवर पडली. तिच्या आईने पदर सावरत, "या वयात काय काय करायला लावताय," असं म्हणत पाठ टेकली. रंगाऱ्याची मान सकाळपासून आखडली होती, त्यामुळे त्याला फार आग्रह करावा लागला नाही. त्याने नाकावरचा रुमालही सोडला नाही, हातपाय पसरून मोकळा झाला.

"आता जरा वेळ कुणी बोलू नका," मुद्रितशोधक म्हणाले. "नुसतं बघा."

सगळे बघू लागले. सासूबाईंचे डोळे तर लगेच मिटले.

नेमके त्याच वेळी समोरच्या बिऱ्हाडातले मेजर पेपर मागायला आले. मेजर सैन्यात कधीच नव्हते. इमारतीत आग विझवण्याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली होती, तेव्हापासून त्यांना मेजर म्हणत. वासासाठी दार सताड उघडं ठेवलेलं होतं. आत रंगाचा भपकारा आणि जमिनीवर ओळीने चार माणसं. एकाचे डोळे छताला खिळलेले, एकीचे मिटलेले, एकाच्या तोंडाला रुमाल.

"गेले!" मेजर म्हणाले आणि जिन्यातूनच अँब्युलन्सला फोन लावला. "अख्खं घर आडवं झालंय! वास चढलाय! रंगारीसुद्धा सुटला नाही!"

मग परत येऊन त्यांनी दाराशी ठेवलेली बादली उचलली आणि आतल्यांवर रिकामी केली. ती बादली रंगाऱ्याची होती. तिच्यात त्याने नुकताच पिस्त्याचा ब्रश धुतला होता.

"अगंबाई, छत गळतंय!" सासूबाई दचकून उठल्या.

"जिवंत आहेत!" मेजर आनंदाने ओरडले.

"अहो मेजर, आम्ही रंग बघत होतो!" बायको तोंड पुसत म्हणाली. पुसल्यामुळे पिस्ता नीट पसरला.

"असं झोपून?"

याचं उत्तर उभ्या माणसाला देणं अवघड होतं. ते देता देता अँब्युलन्सवाला वर आलासुद्धा. त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली पेटी घट्ट धरली.

"सगळे हिरवे पडलेत. काय खाल्लं होतं?"

"काही खाल्लं नाही हो, आंघोळ घातली आम्हाला!" बायको म्हणाली.

खरा प्रकार पटवून द्यायला बराच वेळ लागला. मेजर इतके ओशाळले की पेपर मागायचं विसरले. अँब्युलन्सवाला मात्र रागावला नाही. "वर येऊन सगळे धडधाकट सापडले, असं आमच्या नशिबात फार कमी वेळा येतं," असं म्हणून तो मुद्रितशोधकांची नाडी बघायला खाली बसला. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"आलाच आहात तर जरा आडवे व्हा. तुम्ही तिऱ्हाईत माणूस, तुमचं मत निःपक्षपाती."

तो बिचारा सकाळपासून पायांवर होता. पडला. प्रायश्चित्त म्हणून मेजरही पडले. मग मागे राहायला नको म्हणून बाकीचेही, हिरव्या तोंडांनी.

"ते सायीसारखं आहे ना," अँब्युलन्सवाला सावकाश म्हणाला, "ते बरं वाटतं. शांत."

"हो, तेच," मेजर म्हणाले.

"खरंच की," बायको म्हणाली. "पांढऱ्यासारखंही आहे आणि डोळ्यांवरही येत नाही."

सासूबाईंनीही मान हलवली. मुद्रितशोधकांनी डोळे बारीक केले. त्या रंगात कोपऱ्यातली भेगही आता तितकी खुपत नव्हती. "मंजूर," ते म्हणाले.

रंगारी कोपरावर उठला. "सायीसारखं कुठलं?"

"हे काय, तुमच्या तीन पट्ट्यांच्या मध्ये."

"अहो, ते माझं नाही! तो जुना रंग आहे!"

खाली अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"मग राहू द्या की तसंच," रंगारी आशेने म्हणाला.

"तसंच कसं? तीन पट्टे ओढलेत ना त्याच्यावर!" बायको म्हणाली.

म्हणजे आता सगळं छत जुन्याच रंगात नव्याने रंगवणं आलं. तो रंग कुठल्या डब्यात मिळणार? मुळात कुठला होता कुणास ठाऊक. वर कैक वर्षांची धूळ आणि दिव्यांचा उजेड त्याने प्यालेला. रंगारी दोन दिवस डबे ढवळत राहिला. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, मग थेंबभर करडा. शिडीवर जायचं, बोटभर लावायचं, खाली येऊन मुद्रितशोधकांशेजारी पडायचं.

"जमलं?"

"थोडा भडक."

तिसऱ्या दिवशी दोघांना पट्टे कुठे होते ते सापडेना, तेव्हा काम संपलं.

संध्याकाळी मुद्रितशोधकांची बहीण त्यांची तब्येत बघायला आली. भावाची पाठ जरा सुटली होती, तो उशीला टेकून बसला होता. तिने भिंतींचं कौतुक केलं, मग वर पाहिलं.

"हे काय वहिनी, छत राहिलंच की! रंगारी मध्येच पळून गेला वाटतं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने सासूबाईंकडे. तेवढ्यात ब्रश धूत बसलेला रंगारी दारातून धावतच आत आला. त्याचा चेहरा फुलून आला होता.

"ताई," तो हात जोडून म्हणाला, "परत एकदा म्हणा ना!"