उपाशीपोटी जावक क्रमांक नाही

आमच्या कारखान्यातून दुपारी तीन ते चार या वेळेत उपाशी माणसाचे पत्र बाहेर जात नाही. असा नियम कोणत्याही कायद्यात नाही आणि कंपनीच्या स्थायी आदेशांतही नाही. हे मी जबाबदारीने लिहितो, कारण दोन्ही मी ओळन् ओळ वाचलेले आहेत. हा नियम आवक-जावक कक्षाच्या यमुनाताईंनी स्वतःच्या अधिकारात लागू केलेला आहे. त्या वेळेत पत्र घेऊन गेलेल्या माणसाकडे त्या चष्म्यावरून पाहतात आणि विचारतात, "खाल्लाव काय?" उत्तर नकारार्थी आले की रजिस्टर मिटते आणि पाठीमागचे लोखंडी कपाट उघडते.

"बाराचा जेवण तीनला संपतो, भाऊ," त्या म्हणतात. "मंग माणूस लिवत नाय, त्याची भूक लिवते."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी कायदेविषयक पत्रव्यवहार पाहतो. वयाने निवृत्त झालो. परंतु पुरवठादारांना नोटिसा लिहिण्याइतका राग दुसऱ्या कोणापाशी शिल्लक नसल्याने कंपनीने मला परत बोलावले.

यमुनाताई समुद्रकाठच्या घिवली गावच्या. कपाटात त्यांनी बरण्या लावल्या आहेत आणि प्रत्येकीवर फायलीला लावावी तशी चिठ्ठी. भाजलेले चणे, शेंगदाणे, खजूर, चिकूच्या वाळवलेल्या फोडी. थंडीत उकडलेला कंद. कोणाला काय द्यायचे हे त्या ठरवतात, मागून मिळत नाही. भांडून आलेल्याला चणे, कारण "चावता चावता बोलता येत नाय." पेंगणाऱ्याला चिकू. स्टेशनाबाहेरच्या वडापावाचे नाव काढले की त्या कपाळाला हात लावतात. "तो खाऊन माणूस पाचपर्यंत फायलीवर डोका ठेवतो!" रामप्रवेश नावाचा आमचा फिटर एकदा शेवेचे पुडके घेऊन त्यांच्यासमोरून गेला. "ए भैया, ये तेल कितने बार का है, पूछा क्या?" असे त्यांनी विचारताच त्याने ते पाठीमागे लपवले. अडतीस वर्षांचा माणूस!

माझा आणि त्यांचा संघर्ष अटळ होता. एका पुरवठादाराने आम्हाला ओलसर माल पाठवला होता. त्यास मी जी नोटीस लिहिली, तिच्यात 'लबाड', 'निर्लज्ज' आणि 'नतद्रष्ट' अशी तीन विशेषणे होती. साडेतीनला मी ती घेऊन गेलो. ताईंनी माझ्यापुढे कंदाची बशी सरकवली. मी तोंडी निषेध नोंदवून दोन फोडी खाल्ल्या. पुन्हा वाचताना पहिली दोन विशेषणे मला अनावश्यक वाटली, ती खोडली आणि स्वच्छ प्रत काढली. तेवढ्यात टपाल नेणारा निघून गेला होता. नोटीस एक दिवस उशिरा गेली.

नोटीस सौम्य झाली याबद्दल माझी तक्रार नव्हती. ती थांबवण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, म्हणजे त्यांच्या नियमाच्या कक्षेबाहेर, मी व्यवस्थापकांच्या नावे तक्रार नेऊन दिली. विषय : रासायनिक कारखान्याच्या आवारात खाद्यपदार्थांचा अनधिकृत साठा. यमुनाताईंनी ती शांतपणे वाचली, आवक क्रमांक घातला आणि म्हणाल्या, "तारीख राहिली, भाऊ." मी तारीख घातली. कागद त्यांनी स्वतः उठून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला.

आदेश त्याच सायंकाळी निघाला. शनिवारपर्यंत कपाट रिकामे करावे.

ताईंनी विनंती केली नाही, आवाज चढवला नाही. त्या आठवड्यात त्या फक्त कमी बोलल्या. मला हे बोचत होते. पण आदेश कायदेशीर होता. तो कायदेशीरपणेच अमलात यावा म्हणून शुक्रवारी मी पंचनाम्याचा आग्रह धरला. पंच म्हणून रामप्रवेश आणि आमचा शिपाई काशिनाथ. काशिनाथ विक्रमगडकडच्या डोंगरपट्टीतला. घरी पावसावरची थोडी नाचणी पिकवतो.

"चणे, बरणी एक," मी लिहिता लिहिता म्हणालो.

"आधी भरलेली की रिकामी, तेपण लिवा," ताई म्हणाल्या. "उगाच कोणावर आळ नको."

सर्वांत खालच्या खणात कापडाच्या पुरचुंड्या निघाल्या. प्रत्येकीत चणे, दोन खजूर, गुळाचा खडा. मोजल्या, सात भरल्या.

"या कोणासाठी?" मी विचारले.

"ज्याला लागेल त्याला."

"मग सातच का? नोंद करावी लागेल."

त्यांनी एका पुरचुंडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "आमची बोट होती. बापूस, दोघे भाव, चार खलाशी. निघताना मी हरेकाच्या हातात एक द्यायची. दर्यावर भूक लागली का माणसा भांडतात, आन् बोटीवर भांडून कसा चालेल?"

"मग?"

"मंग काय. बापूस गेला, बोट विकली, भाव कामाला लांब गेले. रोज सकाळी बांधायला बसते तर हात सातच बांधतो. एकटीपुरता करायला घेतला ना, का हात चालतच नाय." आणि लगेच, "लिवा की भाऊ. सात."

त्या वाक्यांसाठी पंचनाम्यात रकाना नव्हता. काशिनाथने पुरचुंड्या होत्या तशा खणात परत ठेवल्या. रामप्रवेशला सगळे शब्द कळले नसावेत. पण त्याने सही करण्यास नकार दिला.

मग मला राग आला, आणि या खेपेस तो योग्य जागी आला. ज्या कायद्याचा आधार घेऊन मी ते कपाट बंद पाडले, तोच कायदा सांगतो की कामगारांना बसून खाण्यासाठी स्वच्छ, वेगळी जागा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आमच्या कारखान्यात ती नव्हती. इतकी वर्षे मी अर्धाच कायदा वाचत होतो! फाटकाजवळची जुनी खोली, जिथे मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या, ती या कामासाठी तात्काळ मोकळी करावी आणि सदर कपाट तेथे हलवावे, असे मी व्यवस्थापकांना लिहिले. चार पाने झाली. विशेषण एकही नव्हते. शनिवारी दुपारपर्यंत सही झाली.

सोमवारी कपाट फाटकाजवळच्या खोलीत उभे राहिले. ताई बरण्या लावत होत्या. तेवढ्यात रामप्रवेशने सत्तूचा डबा आणून ठेवला आणि काशिनाथने एक गाठोडे.

"नाचणीचे लाडू हायत, ताय. आमच्या घरातलीनं तुमच्यासाठी दिलेत. हे वाटायचे नाय. घरी न्यायचे."

"मला? कशाला?" ताईंनी एक लाडू मोडून चाखला. "गूळ जास्त पडलाय तिचा."

"मंग द्या परत."

"गप रे!" म्हणत त्यांनी गाठोडे पिशवीत टाकले.

मंगळवारी सकाळी मी पत्रे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडण्याआधी बातमी दिली.

"काल चूल पेटवलीच नाय, भाऊ. दारात बसून लाडूच खाल्ले. शेजारीण विचारीत होती, कोणाकडचे? मी सांगितला, आमच्याकडचे."